जिन्यातल्या डब्याचा वेग

आमच्या इमारतीत ब्रॉडबँड आलं तेव्हा आधी त्याला हार घातला गेला आणि मग ते चालू करण्यात आलं.

नाशिकच्या इंदिरानगरमधली आमची इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. जिन्याच्या तळाशी, विजेच्या मीटरांशेजारी, केबलवाल्याने पत्र्याचा एक डबा ठोकला होता आणि त्यातून प्रत्येक घरात एक निळी वायर नेली होती. उद्घाटनाला नगरसेवक आले. त्यांनी डब्यासमोर नारळ फोडला, ‘आज आपली सोसायटी माहितीच्या महामार्गावर उभी आहे’ असं भाषण केलं आणि डब्याला झेंडूचा हार घातला. महामार्गावर उभं राहणं बरं नसतं, हे मुंबई-आग्रा रस्ता रोज ओलांडणाऱ्या आम्हा लोकांना कोणी सांगायला नको होतं. पण टाळ्या झाल्या. हार ताजा, म्हणजे ओला होता. त्याचं पाणी डब्यात ठिबकलं आणि महामार्ग सुरुवातीचे दोन दिवस बंद राहिला.

मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे टेलिफोनच्या वायरीवरून चालणारं नेट होतं. ते जोडलं जाताना यंत्राच्या घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज यायचा आणि जोडलं गेलं की कोणाचा तरी ‘सहज केला होता’ म्हणून फोन यायचा. नेट तुटायचं. मी वर्तमानपत्र उघडायचो. त्या वेगाशी माझं काही वैर नव्हतं.

वेगाची गरज पडली ती बायकोला. आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, वॉकर धरून ती खोलीतल्या खोलीत चालायलाही लागली, पण तिला दिवसभर एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, अंधार पडता पडता परत यायचं. बायको एका रुग्णालयात कागदपत्रांच्या विभागात होती. दोघांपैकी कोणी घरी राहायचं हा प्रश्न आमच्याकडे चर्चेला आलाच नाही. असे प्रश्न बऱ्याच घरांत चर्चेला न येताच सुटतात. तिने नोकरी सोडली. जेवणाच्या डब्याची पिशवी धुऊन, वाळवून, घडी करून कपाटात ठेवली. ती घडी मला कपाट उघडताना दिसायची.

वर्षभराने तिला दुसरं काम दिसलं. अमेरिकेतले डॉक्टर रुग्णाला तपासून झालं की काय आढळलं ते यंत्रात बोलून ठेवतात. ते बोलणं फाइलींमधून इकडे येतं आणि इकडे कोणीतरी कानाला हेडफोन लावून ते टाइप करतं. त्यांचा दिवस संपतो तेव्हा आपली सकाळ होते, त्यामुळे काम सकाळचं. नाशकात असं एक कार्यालय होतं. त्यांची परीक्षा बायको पहिल्या फटक्यात पास झाली. रुग्णालयातले शब्द तिला पाठच होते. घरून काम द्यायला ते तयार होते, पण एका अटीवर: घरच्या लाइनचा वेग किमान दोनशे केबीपीएस हवा. त्यांच्या मॅडम शनिवारी सकाळी येऊन स्वतः तपासणार होत्या. वेग भरला नाही तर कार्यालयात येऊन बसायचं. म्हणजे आमच्यापुरतं, काम नाही.

मी आयुष्यभर मापं घेतली होती. व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज, सगळं हातातलं. इंटरनेट मोजणं मला अवघड वाटलं नाही. वेग सांगणारी संकेतस्थळं होती. मी एक उघडलं. त्यात स्कूटरला असते तशी तबकडी होती. काटा थरथरत वर चढला आणि दोनशे तीसवर थांबला.

“झालं की,” मी म्हणालो.

आई पलंगावर बसून बघत होती. “तुझ्या स्कूटरचा पण असाच जायचा,” ती म्हणाली, “उतारावर.”

बायकोने दुसरं संकेतस्थळ उघडलं. तिथे एकशे दहा आले. तिसऱ्यात तबकडी वगैरे काही नव्हतं. त्याने मुकाट्याने एक फाइल उतरवून घेतली आणि आकडा दिला: सव्वीस. रात्रीच्या जेवणाआधी तबकडीवालं पुन्हा लावलं, तर काटा साठावर जाऊन बसला.

कारखान्यात एकाच तुकड्याची तीन मापं आली की आम्ही मापं घेणाऱ्याकडे संशयाने बघतो आणि गेज दुरुस्तीला पाठवतो. इथे मापं घेणारा मीच होतो आणि गेज अमेरिकेत होतं. मी पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ वेग मोजत राहिलो. आकडे काही एकमेकांशी बोलेनात.

शेवटी केबलवाल्याला बोलावलं. तो कानामागे पेन्सिल खोचून आला आणि आल्या आल्या त्याने दोष माझ्यावर टाकला.

“सर, तुम्ही लय टेस्ट करताय. टेस्टनेच लाइन जाम होती.”

“तुझ्या बॅनरवर दोनशे छप्पन्न लिहिलंय.”

“‘पर्यंत’ लिहिलंय, सर. दोनशे छप्पन्नपर्यंत. वाचा ना.”

मी खाली जाऊन वाचलं. खरंच होतं. दोनशे छप्पन्न हाताएवढे आणि ‘पर्यंत’ मुंगीएवढं. नगरसेवकांचा फोटो मात्र दोन्हींपेक्षा मोठा.

पण माणूस मनाने वाईट नव्हता. त्याने आणि बायकोने मिळून एकेक आकडा सोडवला, मी मध्येमध्ये शंका काढून मदत केली. सव्वीसचं कोडं सगळ्यात सोपं निघालं. बाकीची दोन संकेतस्थळं बिटांत मोजत होती, हे बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. सव्वीस गुणिले आठ केलं की दोनशेच्या वर जात होतं. कारखान्यात इंच आणि मिलिमीटरच्या घोळापायी लोकांची कानउघाडणी करणारा मी, आणि मला हे सुचलं नव्हतं. एकशे दहा आले ते दुसऱ्या संकेतस्थळाचं यंत्र समुद्रापलीकडे होतं म्हणून. पहिल्याचं मुंबईत असावं. म्हणजे दोघंही आपापल्या रस्त्यापुरते खरं बोलत होते.

“आणि रात्रीचे साठ?” बायकोने विचारलं.

“ते तुमच्या बिल्डिंगचे, मॅडम. मी डब्याला एकच लाइन दिलीय. तुम्ही सगळे मिळून पिताय. पाण्यासारखंच हाय. खालच्यांनी मोटर लावली की वरच्यांना धार येत नाय.”

आमचं दार उघडं होतं आणि जिन्यात तळमजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. काकू आमच्या इमारतीच्या पाण्याच्या सर्वेसर्वा. त्यांना हे पद कोणी दिलं नव्हतं, त्यामुळे ते कोणाला काढूनही घेता येत नव्हतं. आमच्याकडे पाणी सकाळी ठरावीक वेळ यायचं आणि दाब बेताचा. म्हणून वर्षानुवर्षांची एक रीत होती. कोणाकडे साखरपुडा असो, श्राद्ध असो की गावाहून माणसं येणार असोत, आदल्या दिवशी त्याने काकूंना सांगायचं. काकू जिन्यातून वर जात दारोदार निरोप द्यायच्या. बाकीची घरं आदल्या दिवशीच पिंपं भरून ठेवायची आणि त्या सकाळी नळ बंद. ज्याच्याकडे कार्य असेल त्याला भरपूर धार. याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नसे. आपलीही वेळ येणार हे प्रत्येकाला माहीत होतं.

“मग असं सरळ सांगा ना,” काकू जिन्यातूनच म्हणाल्या. “पाण्यासारखं आहे, तर पाण्यासारखं करू.”

“काकू, ते नुसतं उदाहरण होतं,” मी म्हणालो.

“उदाहरण कशाचं होतं?”

“पाण्याचं.”

“मग?” असं म्हणून त्या खाली गेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आलो तेव्हा निरोप सगळ्यांना पोचला होता. उद्या सकाळी तिसऱ्या मजल्याची परीक्षा, कोणी नेट उघडायचं नाही. पहिल्या मजल्यावर मालेगावच्या यंत्रमागाच्या कापडाचा व्यापार करणारे एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांना नेटवरून जुनी गाणी ऐकायचा आणि उतरवून घ्यायचा नाद होता आणि आमच्या रात्रीच्या साठामागे त्यांचा वाटा मोठा असावा, असा माझा संशय होता. ते जिन्यात भेटले. म्हणाले, “कल गाना बंद. बेटी का इम्तिहान है. तुम्ही फिकीर करू नका.”

दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सचिव. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना परिपत्रकं काढायची सवय सुटली नव्हती. त्यांनी मला थांबवून गंभीरपणे सांगितलं, “माझ्या अखत्यारीतलं सगळं मी बघतो.” त्यांच्या अखत्यारीत काय येतं हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शनिवारी मी रजा टाकली. सकाळ अशी शांत उजाडली की आई म्हणाली, “कोणी गेलं का रे इमारतीत?” मिक्सर नाही, टीव्ही नाही, नळाची धार नाही. लोकांनी फक्त नेट बंद केलं नव्हतं. नक्की कशाने कशाला दाब मिळतो याची खात्री नसल्याने त्यांनी सगळंच बंद ठेवलं होतं. चाचांकडे फ्रिजही बंद होता, हे नंतर कळलं. व्होल्टेज कमी असलं की फ्रिज बंद करून टीव्ही बघायचा, या शिस्तीत वाढलेली आमची पिढी.

कार्यालयातल्या मॅडम स्कूटीवरून आल्या. बायकोपेक्षा वयाने लहान, चटपटीत, हातात पाण्याची बाटली. आईच्या पलंगाशेजारी संगणक होता. तिथेच खुर्ची ओढून बसल्या. बायकोने सकाळपासून टेबल दोनदा पुसलं होतं. तिने यंत्र चालू केलं, तबकडीवालं पान उघडायला सांगितलं. पान उघडेना. पुन्हा सांगितलं. पांढरा पडदा तसाच.

“काटा कुठाय?” आईने विचारलं.

बायकोचा हात माऊसवर होता आणि तो हलत नव्हता. कपाटातली पिशवीची घडी मला त्या क्षणी आठवली. मी वायर काढून पुन्हा लावली, ती ठीक होती. म्हणून जिना उतरून खाली गेलो.

डब्यातले नेहमी लुकलुकणारे हिरवे दिवे विझलेले होते. डब्याशेजारी, जिन्याच्या मेन स्विचवर हात ठेवून, सचिव उभे होते. पहाऱ्यावर असल्यासारखे.

“काय झालं हो?” मी विचारलं.

“काही होऊ दिलं नाही,” ते म्हणाले. “व्होल्टेज वरखाली होतंय सकाळपासून. ऐन परीक्षेत डबा उडाला म्हणजे? म्हणून जिन्याची लाइनच बंद करून ठेवली. मॅडम गेल्या की लावतो.”

“अहो, डबा विजेवर चालतो.”

सचिवांनी डब्याकडे पाहिलं, स्विचकडे पाहिलं. “मला वाटलं, नेट वायरीतून येतं.” मग जरा विचार करून म्हणाले, “हे परिपत्रकात यायला हवं होतं.”

त्यांनी स्विच वर केला. दिवे लागले. मी धापा टाकत वर पोचलो तोवर पडद्यावर तबकडी आली होती आणि काटा असा काही चढत होता की आईने पलंगाची कड धरली. दोनशे अठ्ठेचाळीस. इतका वेग आमच्या घराने कधी पाहिला नव्हता. आमच्या दारात काकू, त्यांच्या मागे चाचा, त्यांच्या मागे सचिव, अशी रांग लागली होती. चाचांनी टाळ्या वाजवल्या.

“छान आहे की,” मॅडम म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

“मॅडम, हा आकडा धरू नका,” बायको म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. दारातल्या सगळ्यांनीच पाहिलं.

“आज या सगळ्यांनी माझ्यासाठी आपापलं नेट बंद ठेवलंय,” ती म्हणाली. “सोमवारी ते उघडणार. त्यांचंही आहे ते. मग माझी फाइल अडकली तर मी तुम्हाला काय सांगू? शनिवारी चांगलं होतं म्हणून?”

“अगं, गप्प बस ना,” काकू कुजबुजल्या. काकूंचं कुजबुजणं तळमजल्यापर्यंत ऐकू जायचं.

“काकू, सगळे घरी जा बरं,” बायको म्हणाली, “आणि रोजच्यासारखं सगळं लावा.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“गाने भी?” चाचांनी विचारलं.

“गाणी पण, चाचा.”

पंगत बसण्याआधीच परत पाठवलेल्या पाहुण्यांसारखी ती माणसं खाली गेली. थोड्या वेळाने एकेक घर जागं झालं. कुकरची शिट्टी झाली, टीव्ही लागला, पहिल्या मजल्यावरून सनई वाजू लागली, आणि एका खणखणीत गळ्याने विरहाचं गाणं सुरू केलं. बायकोने पुन्हा वेग मोजला. काटा वर गेला, रेंगाळला आणि ऐंशीच्या आसपास येऊन थांबला.

मॅडमनी ओठ आवळले. “दोनशे पाहिजे, असं लिहिलंय.”

“कोणी लिहिलंय गं?” आईने विचारलं.

“आमच्या साहेबांनी, आजी.”

“ते टाइप करतात का?”

“नाही, ते... साहेब आहेत.”

“मग त्यांना कसं कळलं किती लागतं?”

मॅडमना हसू आलं. त्या हसल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. “खरं सांगू का, मलाही माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “काटा राहू दे. फाइलच मागवून बघू.”

त्यांनी कार्यालयाच्या यंत्रावरून एका डॉक्टरचं बोलणं मागवलं. मी चहा टाकायला गेलो. चहा उकळायच्या आत फाइल आली होती. बायकोने हेडफोन लावला. तो डॉक्टर कोणा म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याबद्दल बोलत असावा, कारण ऐकता ऐकता ती नकळत आपल्या गुडघ्याकडे बघायची. तिची बोटं चालू लागली. रुग्णालयातली नोकरी सोडल्यापासून इतक्या भरभर चालताना मी ती पाहिली नव्हती. मॅडम तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांचा चहा तसाच गार झाला.

टाइप झालं आणि फाइल परत पाठवायची वेळ आली तेव्हा आमच्या ज्ञानात आणखी एका आकड्याची भर पडली. आणायचा वेग वेगळा, पाठवायचा वेगळा, आणि तो फारच कमी. एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली, अर्ध्यावर थांबली, मग तुटली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पोचली.

“आणायला काही अडचण नाही,” मॅडम म्हणाल्या. “पाठवताना तुटता कामा नये, एवढंच. सकाळचं काम एकदमच पाठवायचं असतं. महिनाभर करून बघू. साहेबांना मी सांगते.”

जिन्यात कोणीतरी खाकरलं. काकू पूर्ण खाली गेल्याच नव्हत्या.

“किती वाजता पाठवायचं असतं?” त्यांनी वर न येताच विचारलं.

“अकराच्या सुमारास,” बायको म्हणाली.

“अकराला पाणी गेलेलं असतं. मग मला वेळ आहे.”

एवढंच झालं. सोमवारपासून अकराच्या सुमाराला बायको गॅलरीत जाऊन म्हणायची, “काकू, पाठवतेय हं.” काकू जिन्याच्या तोंडाशी येऊन चाचांना हाक द्यायच्या. चाचांचं गाणं मध्येच थांबायचं, कधी कधी अगदी ऐन सुरावर. सचिव डब्यापाशी जात नसत. त्यांनी स्वतःवरच तसं परिपत्रक काढलं असावं. पट्टी सरकत राहायची. थोड्या वेळाने खालून हाक यायची, “गेली का गं?” “गेली, काकू!” आणि गाणं थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू व्हायचं.

महिना संपला तेव्हा मॅडमनी वेगाचं नावही काढलं नाही. काम चालू राहिलं. मी सिन्नरला गेलेला असायचो तेव्हा घरात टाइप करण्याचा आवाज असायचा, असं आई सांगायची. तिला तो आवडायचा. सोबत झाली, म्हणायची. कपाटातल्या पिशवीची घडी मोडली गेली आणि तिच्यात आता जुने हेडफोन आले.

आमच्या घराने ज्याच्या जोरावर ती वर्षं काढली, ते कुठल्याही तबकडीवर दिसत नव्हतं. मी अधूनमधून वेग मोजायचो, कारण मोजल्याशिवाय मला चैन पडत नसे. आकडे वेगवेगळेच यायचे. त्याचं मला वाटणारं दुःख मात्र गेलं होतं. सकाळच्या आकड्यात काकू होत्या, रात्रीच्या आकड्यात चाचांची गाणी होती, हे मला कळत होतं.

दोन हजारच्या दशकाच्या शेवटी घरोघरी स्वतंत्र लाइन आली. या वेळी हार नव्हता, नगरसेवक नव्हते. जिन्यातला डबा केबलवाला काढून घेऊन गेला आणि भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. आता चाचांच्या गाण्यांचा आमच्या फाइलशी काही संबंध उरला नव्हता. नव्या लाइनीची पहिली सकाळ सुट्टीची होती आणि मी घरी होतो. बायकोचं काम झालं. तिने सवयीने घड्याळ पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं आणि न सांगताच फाइल पाठवली. पट्टी डोळ्याचं पातं लवायच्या आत भरली.

खाली गाणं चालू होतं. अकराच्या सुमाराला ते आपोआप थांबलं. मग जिन्यातून हाक आली.

“गेली का गं?”

आता लाइन वेगवेगळ्या आहेत, कोणाचं कोणामुळे अडत नाही, हे मी काकूंना नीट समजावून सांगू शकलो असतो. मी खुर्चीतून अर्धा उठलोही. बायकोने हाताने मला बसायची खूण केली आणि गॅलरीत गेली.

“गेली, काकू!” ती म्हणाली.

आणि खालचं गाणं थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.